थार-जिप्सीला नवे हेडलाईट बसवताय? या चुका टाळा

गाडी उंच करणारं लिफ्ट किट झालं, मड टायर झाले, आणि मग एका रात्री ताम्हिणी घाटातून येताना वाटायला लागतं की लाईट कमी पडतोय, म्हणजे आता पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जाऊन काहीतरी जबरी एलईडी उचलायचा. जरा थांबा. बऱ्याचदा लाईट कमी नसतोच, एकतर तो भलतीकडे पडत असतो नाहीतर बल्बपर्यंत करंटच नीट पोचत नसतो. नवीन काही घ्यायच्या आधी आहे त्याच बल्बवर फोकस सेट करून बघा आणि होल्डरवर व्होल्टेज मोजा. पैसे लागत नाहीत.

व्होल्टेज मोजताना इंजिन आणि लाईट दोन्ही चालू पाहिजेत, बल्ब लावलेला पाहिजे, मग आधी बॅटरीवर आणि नंतर होल्डरच्या मागून मल्टिमीटर लावायचा. बॅटरीवर १४ आणि होल्डरवर १२.६ दिसलं तर वाटतं दीड व्होल्टने काय होतंय, पण हॅलोजनचं गणित वेगळं आहे, व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड साधारण ३० टक्के पडतो. एकाच बाजूचा लाईट पिवळट असेल तर अर्थिंग बघा. रंगावरच वॉशर टाकून बोल्ट आवळलेला असतो, तो रंग खरवडून खालचं लोखंड उघडं करा.

इथेच दुसरी चूक होते. ६०/५५ वॉटचा बल्ब (लांबचा उजेड म्हणजे अपर ६०, जवळचा म्हणजे डिपर ५५) काढून १००/९० चा टाकतात, वायरिंग मात्र जुनंच. अपरवर दोन ६० वॉटचे बल्ब मिळून १० अँपिअर घेतात, १०० वॉटचे दोन जवळपास १७ घेतात. मग होल्डर पिवळा पडतो, वितळतो, स्विच गरम होतो आणि आपण बल्बच्या कंपनीला शिव्या घालत बसतो. रिले किट (स्विचमधून न नेता बॅटरीतून थेट बल्बला करंट देणारं), सिरॅमिक होल्डर, जाड वायर, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, एवढं केल्याशिवाय मोठा बल्ब नको. खरं सांगायचं तर रिले किट टाकल्यावर मोठ्या बल्बची गरजच बऱ्याच जणांना उरत नाही.

आता ऑनलाईन मागवायचे सात इंची गोल लाईट. फोटो भारी असतो, रिव्ह्यू भारी असतात, आणि लाईट अमेरिकेतल्या जीप रँग्लरसाठी बनवलेला निघतो. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात त्यामुळे बीमही उजवीकडे जास्त फेकलेला असतो, आपल्याकडे तोच समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि असा लाईट कितीही सेट करा, नीट होत नाही. काचेवर गोलात ई असं युरोपियन मार्किंग असेल तर बाण शोधा. लाईटसमोर उभं राहून बघताना बाण तुमच्या उजवीकडे असेल तर तो डाव्या बाजूने चालणाऱ्या ट्रॅफिकसाठी, म्हणजे आपला. बाणच नसेल तर तो आपल्यासाठी नाही. दोन्हीकडे टोक असेल तर दोन्हीकडे चालतो.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब खुपसणं मला पटत नाही, कारण तो रिफ्लेक्टर फिलामेंट नेमकी कुठे असेल ते धरून बनवलेला असतो. तरी टाकणारच असाल तर बल्बची कॉलर (बसवायची रिंग) फिरवून उजेड देणाऱ्या चिप डावी-उजवीकडे बघतील अशा ठेवा, वर-खाली नाही. आणि बल्बमागचं रबरी झाकण, म्हणजे बूट, बसत नाही म्हणून तो कापून टाकू नका, पहिल्याच ओढ्यात पाणी आत जातं.

फोकस सेटिंग

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंत असते म्हणून तिथेच सेटिंग करतात, पण पाणी वाहून जावं म्हणून त्या फरशीला उतार दिलेला असतो, मग कसलं आलंय सेटिंग. सपाट जागा शोधा. ऑफरोडला कमी केलेली टायरची हवा परत भरा, नेहमीचं सामान मागे ठेवा, ड्रायव्हरच्या सीटवर कुणालातरी बसवा आणि गाडी एक-दोनदा दाबून सोडा. भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. दोन्ही लाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर टेपने मार्क करा आणि एका वेळी एकच लाईट बघा, दुसऱ्यापुढे पुठ्ठा धरा.

डिपरवर उजेडाची वरची कड त्या टेपच्या ५ सेंटीमीटर खाली आली पाहिजे, म्हणजे १ टक्का उतार. लिफ्टमुळे लाईट मीटरभर उंचीच्या वर गेले असतील तर साडेसात ते दहा सेंटीमीटर खाली ठेवा. कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे वर चढणारी हवी, आणि चढ लाईटच्या बरोबर समोरून सुरू व्हायला हवा. अपर वेगळा सेट करायचा नाही, एकाच युनिटमध्ये असेल तर तो सोबत येतो.

हा १ टक्का किती नाजूक आहे बघा. नव्या तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४५० मिलीमीटर आहे, म्हणजे पुढची बाजू मागच्यापेक्षा जेमतेम अडीच सेंटीमीटर उचलली, किंवा मागे टूलबॉक्स, जेरीकॅन आणि दोन मित्र बसवले, की तो अख्खा उतार संपला आणि लाईट सरळ समोरच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर. त्यामुळे स्प्रिंग बदलले की फोकस परत सेट करायचाच, यात कंटाळा चालणार नाही.

गोल लाईटला रिंग धरून ठेवणारे छोटे स्क्रू वेगळे आणि सेटिंगचे लांब स्क्रू वेगळे. लोक रिंगचे स्क्रू फिरवत बसतात आणि लाईट हातात येतो.

एलईडी युनिट लावल्यावर लाईट फडफडत असेल किंवा अपर-डिपर उलटं चालत असेल तर लगेच युनिट खराब म्हणून परत पाठवू नका. काही गाड्यांमध्ये स्विच निगेटिव्ह बाजूला असतो, पॉझिटिव्ह कायम चालूच. कपलर (वायरचा जोड) कापायच्या आधी कोणती पिन कशी आहे ते मीटरने बघा, त्या प्रकारचा अडॅप्टर मिळतो.

कायद्याचं थोडक्यात: १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम म्हणतो की ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला लाईटने दिपता कामा नये. टपावरचा लाईट बार रस्त्यावर झाकूनच ठेवा, धुक्यात तर त्याचा उजेड धुक्यावर आणि बोनेटवर आपटून तुम्हालाच आंधळं करतो.

पहिल्या ऑफरोडनंतर परत भिंतीसमोर गाडी लावा, दगडधोंड्यात सेटिंगचे स्क्रू हलतात. सेट झाल्यावर स्क्रूवर आणि बाजूच्या पत्र्यावर मिळून नेलपॉलिशची एक रेघ मारून ठेवा, हलला की रेघ तुटलेली लगेच दिसते.