झाड तोडायचंय? आधी वॉर्ड ऑफिस गाठा

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतला गुलमोहर पाण्याच्या टाकीवर कलला, तेव्हा सेक्रेटरी म्हणून सगळे माझ्याच मागे लागले. 'माणूस बोलवा, पाडून टाका.' अजिबात नको! जागा आपली असली तरी परवानगी लागतेच. १९७५ चा कायदा आहे, आणि त्यात झाड जाळणं किंवा इजा करणंही तोडण्यातच मोजतात. बुंध्यात ॲसिड ओतणाऱ्यांनी हे वाचावं.

अर्ज वॉर्ड ऑफिसातल्या उद्यान खात्यात द्यायचा. सोबत कमिटीचा ठराव आणि फोटो. फोटो नीट काढा. आम्ही पहिल्यांदा नुसता शेंडा दाखवला होता. साहेबांना हवी होती मुळाशी उचकटलेली फरशी आणि टाकीच्या भिंतीतली चीर. मग पाहणीला माणूस येतो, छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजतो. त्या दिवशी वॉचमनला गेटवर थांबायला सांगा, नाहीतर तो परत जातो.

पुढे झाडावर नोटीस लागते, हरकतींसाठी सात दिवस. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हरकत घेतली, आणि खरं सांगू, त्यांचं बरोबर होतं. फांद्या छाटून भागलं. छाटणीलाही परवानगी लागते, हे मात्र विसरू नका.

झाड ५० वर्षांचं किंवा जुनं असेल तर ते वारसा वृक्ष, तिथे काम अवघड. आणि तोडलंच, तर जितकं त्याचं वय तितकी रोपं लावायची. जागा आधीच बघून ठेवा.