गावाहून मुंबईत येताय? आधी भाड्याचं बघा

२००३च्या जूनमध्ये मी खेडहून आलो तेव्हा जवळ एक ट्रंक, बारावीची गुणपत्रिका आणि लालबागच्या गावकीच्या खोलीचा पत्ता होता. पत्ता म्हणजे काय, तर चाळीचं नाव आणि ‘दुसरा माळा, जिन्याला लागून’. तेवढ्यावर भागलं. आता दरवर्षी निकाल लागले की गावाकडून फोन सुरू होतात आणि प्रश्न ठरलेला असतो, "दादा, मुंबईत भाड्याला सरकार काही मदत करतं का?"

सरळ सांगतो. भाडं झेपत नाही म्हणून अर्ज केला आणि दर महिन्याला पैसे आले, अशी खिडकी इथं नाही. मदत आहे, पण ती तुकड्यातुकड्यांनी आहे. कुणाला मिळते, कुणाला नाही, आणि जिथं मिळते तिथं आधी कागद विचारतात.

शिकायला येणाऱ्यांचं आधी सांगतो, कारण राहण्यासाठी म्हणून थेट खात्यात पैसे येतात ते त्यांच्याच. अनुसूचित जातीच्या किंवा नवबौद्ध मुलामुलींनी सरकारी वसतिगृहाला अर्ज केला आणि जागा मिळाली नाही, तर त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबईत शिकत असाल तर वर्षाचे ६०,००० रुपये: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, कॉलेजात हजेरी ७५ टक्के हवी आणि तुम्ही मूळचे याच शहरातले नसावेत. राहण्याचे २०,००० म्हणजे महिन्याला सोळाशेसाठ-सत्तर रुपये. एवढ्यात मुंबईत खाटेची जागासुद्धा मुश्किलीने मिळते. पण चौघांनी मिळून खोली घेतली तर वर्षाचे ८०,००० होतात, आणि मग कांजूर-भांडुपच्या डोंगराकडच्या चाळींत बोलणी करता येतात. आदिवासी मुलांसाठी अशीच स्वयम योजना आहे. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्या गरजू मुलांनी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याची चौकशी करावी. एक मात्र पक्कं लक्षात घ्या, हे पैसे डिपॉझिटच्या दिवशी हातात नसतात. डिपॉझिटची सोय घरूनच करून या. आणि बाहेर भाड्याने राहता याचा पुरावा मागतात, म्हणून खोलीमालकाशी बोलतानाच तो विषय काढा. नंतर काढला की त्याचा चेहरा बदलतो.

नोकरीला येणाऱ्या पोरांनो, तुमच्यासाठी सगळ्यात जुनी भाडे-मदत म्हणजे गावकीची खोली. गिरणीत लागलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी वर्गणी काढून या खोल्या घेतल्या. पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कायमच्या जुन्या भाड्याने घेतलेल्या असल्यामुळे भाडं अजून शेकड्यांत आहे आणि ते सगळ्यांत वाटून घेतात. आमच्या खोलीत मी होतो तेव्हा सतरा जण होतो. सतरा ट्रंका भिंतीला, वर दोऱ्या, दोऱ्यांवर सतरा टॉवेल. रात्रपाळीवाला सकाळी सातला यायचा आणि दिवसपाळीवाल्याच्या गरम चटईवर पडायचा. जेवण पलीकडच्या खानावळीत, पैसे पगार झाल्यावर. उकाडा, ढेकूण, संडासाची रांग, सगळं होतं. पण पहिले पाच महिने नोकरी नसताना माझ्याकडे कुणी भाडं मागितलं नाही. वहीत नावापुढे लिहून ठेवलं, आणि मी ते पुढे दीड वर्षात फेडलं. अशी वही कुठल्या योजनेत नसते. आता निम्म्या चाळी पुनर्विकासात गेल्यात, तेव्हा तुमच्या गावाची खोली शिल्लक आहे का ते निघण्याआधी गावाच्या मुंबईतल्या मंडळाला विचारा.

माझी चूकही सांगतो. त्या खोलीत मी सहा वर्षं काढली आणि त्या सहा वर्षांचा माझ्या नावाचा एक कागद नाही. बँकेत खातं उघडायला गेलो तर पत्ता गावचा, गॅस घ्यायला गेलो तर पत्ता गावचा.

म्हणून बायकामुलांना घेऊन स्वतंत्र खोली घ्याल तेव्हा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा, करार नोंदवूनच घ्या. मालक म्हणेल, "कशाला खर्च? स्टॅम्पपेपरवर लिहू." हिशेब करून दाखवा. भाडं ८,०००, डिपॉझिट ४०,०००, मुदत ११ महिने. मुद्रांक शुल्क पाव टक्का, तेही एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं १० टक्के व्याज यांवर. म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी १,०००. बाकी जे सांगतील ते एजंटाचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. हे वाक्य मालकाला शांतपणे ऐकवा, भांडणाच्या सुरात नको.

नोंदणी आता घरी बसून होते. एजंट लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो. माझी मेव्हणी पाच घरची भांडी करते. तिचा अंगठा यंत्राने घेतलाच नाही, रेषाच झिजलेल्या. दुसरा अंगठा, मग तर्जनी, मग पदराने पुसून पुन्हा. शेवटी एजंट म्हणाला, "मावशी, थोडं तेल आहे का?" खोबरेल चोळून डाव्या हाताचं मधलं बोट एकदाचं लागलं. तुमच्या घरात कुणी भांड्याचं, गवंड्याचं काम करत असेल तर हे आधीच माहीत असू द्या.

झोपडपट्टीतल्या खोलीला असा करार बहुतेक होत नाही, मालकाचेच कागद अर्धवट असतात. तिथं नोटरीचा कागद मिळेल. तोही घ्या, आणि भाडं रोख न देता मोबाइलवरून द्या म्हणजे नोंद राहते. ‘हेवी डिपॉझिट’ म्हणजे चार-पाच लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं शून्य. ऐकायला गोड आहे. मालकाने ते पैसे मुलीच्या लग्नात घातले की परत कुठून आणणार? माझ्या एका दोस्ताचे अडीच लाख असेच अडकलेत.

एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, भाड्याबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. झोपडपट्टी पाडून इमारत बांधेपर्यंत पात्र रहिवाशाला बिल्डर दरमहा भाडं देतो. ते बऱ्याच ठिकाणी मध्येच बंद पडायचं, म्हणून २०२३ पासून नियम आला की बिल्डरने दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं आणि तिसऱ्या वर्षाचे चेक द्यायचे. पण हे पैसे पात्र झोपडीधारकाचे. त्या खोलीत तुम्ही भाड्याने राहत असाल तर तुम्हाला फक्त खोली खाली करायची असते. शिवाय एखादी वस्ती एकदम हलली की चारशे कुटुंबं मुलांच्या शाळेजवळच खोली शोधायला निघतात, हातात बिल्डरचे पैसे घेऊन. त्या वर्षी त्या भागात भाडी चढतात आणि नव्याने येणाऱ्याला कुणी विचारत नाही. खोली बघायला जाल तेव्हा शेजारच्या वस्तीचा एसआरएसाठी सर्व्हे झालाय का, हे किराणावाल्याला विचारा. त्याला सगळं ठाऊक असतं, कारण उधारीचा प्रश्न असतो.

स्वस्त भाड्याची सरकारी घरं हाही प्रयोग झाला. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २००८च्या सुमारास १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. पनवेलजवळ कोनला अशी घरं उभी राहिली, आणि २०१६ साली त्यातली २,४१७ गिरणी कामगारांना सोडतीत विकत दिली गेली. कामगारांना घर मिळालं याचा आनंदच आहे, पण भाड्याचं घर शोधणारा होता तिथंच राहिला. म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेची सोडत विकतच्या घरांची असते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प उत्पन्न गटात अर्ज करता येतो. अधिवासाचा दाखला गावच्या तहसीलमधून काढूनच निघा, इथून खेपा घालायला रजा मिळत नाही.

एकट्या येणाऱ्या मुलींनी नोकरदार महिलांच्या वसतिगृहांत आधी नाव घालावं. यादी लांब असते, पण नाव असू दे. रेशनकार्ड मात्र गावीच राहू द्यायला हरकत नाही, आधार जोडलेलं असेल तर इथल्या दुकानातही धान्य मिळतं.

आणि आमच्या गावकीच्या खोलीत ट्रंक ठेवायची असेल तर सेक्रेटरीला रविवारी सकाळी दहाच्या आत गाठा. दुपारनंतर तो पत्त्यांना बसतो आणि हरत असला की कुणालाही जागा नाही म्हणतो.