जर्मन खिसाचाकूचं पोलाद पारखताना या चुका टाळा

पात्यावर ‘सोलिंगेन’ कोरलेलं दिसलं की बहुतेक जण पुढे काही बघतच नाहीत. सोलिंगेन हे पोलादाचं नाव नव्हे, पश्चिम जर्मनीतल्या एका शहराचं नाव आहे. १९३८ पासून या नावाला कायद्याचं संरक्षण आहे: चाकू घडवण्याची महत्त्वाची कामं तिथेच झाली असतील, तरच ते नाव कोरता येतं. माल कामाजोगा असावा, असंही बंधन आहे. पण पोलाद अमुकच हवं, असं नाही. त्यामुळे एकाच शहरातल्या दोन चाकूंची पाती अगदी वेगळ्या गुणाची असू शकतात. ‘रोस्टफ्राय’चा अर्थ फक्त न गंजणारं. आणि ‘जर्मन स्टील’ एवढंच लिहिलेलं असेल, तर चाकू कुठे घडला हे आधी विचारा. बोकर कंपनीचा सोलिंगेनमध्ये बनलेला चाकू वेगळा, तिचीच आशियात बनणारी ‘मॅग्नम’ मालिका वेगळी.

खरी माहिती असते पोलादाच्या क्रमांकात. जर्मन चाकूंमध्ये १.४११६ हा क्रमांक वारंवार भेटतो. त्याचं दुसरं नाव एक्स-५०-सीआर-एमओ-व्ही-१५. यातला ५० म्हणजे सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि १५ म्हणजे सुमारे पंधरा टक्के क्रोमियम. असं पातं गंजाला चांगलं तोंड देतं, घरी पटकन धार घेतं, पण ती फार दिवस टिकत नाही. हा दोष नाही, त्या पोलादाचा स्वभाव आहे. नुसतं ‘४४०’ लिहिलं असेल तर सावध व्हा. त्यात ए, बी आणि सी असे प्रकार येतात. ए मध्ये कार्बन पाऊण टक्क्यापर्यंत, तर सी मध्ये एक टक्क्याच्या आसपास. अक्षर नसेल तर विक्रेत्याला विचारा.

आपल्याकडे घरोघरी चालणारी लोहचुंबकाची परीक्षा इथे कुचकामी आहे. स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलच्या भांड्याला चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून चाकूला चिकटला की लोक तो भेसळीचा समजतात. पण पाणी देऊन, म्हणजे तापवून झटकन थंड करून, कडक केलेलं पातं, स्टेनलेस असलं तरी, चुंबकाला चिकटतंच.

हे ‘पाणी देणं’च सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते क्रमांकावरून कळत नाही. १.४११६ ला नीट पाणी दिलं तर रॉकवेल कठिणता (कडकपणाचं माप) साधारण ५५ ते ५७ येते. काम बिघडलं तर तेच पोलाद लोण्यासारखं मऊ राहतं. म्हणून धार लवकर गेली तर आधी कारण शोधा. दिव्याखाली धार वर करून बघा. चांगली धार प्रकाश परतवत नाही, ती दिसतच नाही. सलग चमकणारी रेघ दिसली, तर कड बोथट झाली आहे किंवा एका बाजूला वळली आहे. बारीक खाचा दिसल्या, तर कड तुटते आहे: एकतर पातं ठिसूळ आहे किंवा धारेचा कोन फार निमुळता. अंगठ्याचं नख पात्याच्या सपाट बाजूवरून धारेकडे हलकेच सरकवा. कडेला अडकलं, तर तिथे धार लावताना निघालेली धातूची पातळ कोर, म्हणजे ‘बर’, शिल्लक आहे. ती दुसऱ्या बाजूने हलक्या हाताने काढा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

नवं पातं पहिल्यांदा लवकर बोथटलं म्हणून लगेच टाकाऊ ठरवू नका. कारखान्यात घासताना कडेचा अगदी पातळ थर तापून मऊ पडलेला असू शकतो; दोन-तीनदा सहाणेवर लावल्यावर खालचं पोलाद लागतं आणि फरक जाणवतो. मात्र चाकू सायकलवरच्या कोरड्या चाकावर देऊ नका. ठिणग्या उडून कड निळी पडली, की तिथलं पाणी उतरलं.

मर्केटर या काळ्या मुठीच्या जर्मन खिसाचाकूचं पातं साध्या सी ७५ कार्बन पोलादाचंही मिळतं. लिंबू किंवा कैरी कापल्यावर ते राखाडी-निळसर होतं. तो रंग राहू द्या, घासून काढू नका. लालसर डाग मात्र गंजाचा, तो लगेच पुसा. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात असा चाकू चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. कोरडा करून, सांध्यात तेलाचा थेंब सोडून, म्यानाबाहेर कोरड्या जागी ठेवा.