फॉर्मचा फोटो: आधी क्रॉप, मग रिसाइझ, शेवटी केबी

बँकेच्या भरतीची जाहिरात निघाली की आमच्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर एकच तक्रार असते, "दादा, फोटो अपलोडच होत नाहीये." ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या कामाला जी मुलं-मुली नव्याने लागतात, त्यांना मी टायपिंगच्याही आधी फोटोचं काम शिकवतो. फॉर्ममधलं चुकलेलं स्पेलिंग प्रिव्ह्यूमध्ये लगेच सापडतं. बिघडलेला चेहरा घाईत सहज नजरेतून सुटतो.

बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसचा फॉर्म घ्या. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. नवा माणूस हे वाचतो, रिसाइझमध्ये थेट २०० आणि २३० टाकतो आणि सेव्ह करतो. फॉर्म तो फोटो मुकाट्याने घेतो, पण चेहरा आडवा पसरलेला असतो.

यामागचं गणित एकदा नीट समजून घ्या. मोबाइलचा उभा फोटो बहुतेक वेळा ३ः४ प्रमाणात असतो. समजा तो ३००० बाय ४००० आहे. फॉर्मच्या प्रमाणात ३००० रुंदीला उंची हवी ३४५०. म्हणजे ५५० पिक्सेल जास्तीचे आहेत आणि ते कापायला हवेत. न कापता तसेच कोंबले, तर उंची जवळजवळ १४ टक्क्यांनी दबते. गाल फुगतात, मान आखूड होते. परीक्षा केंद्रावर हॉलतिकिटावरचा फोटो आणि समोरचा उमेदवार ताडून बघतात. त्या दिवशी पोराच्या पोटात आधीच गोळा आलेला असतो, त्यात फोटोवरून शंका निघायला नको.

म्हणून आधी क्रॉप. क्रॉपचं प्रमाण २०ः२३ वर लॉक करा, डोक्याच्या वर थोडी जागा ठेवा, खांदे दिसू द्या. मग रिसाइझ. पेंटमध्ये प्रमाण कायम ठेवण्याची जी टिक असते ती काढू नका. रुंदीत २०० टाका आणि उंची किती येते ते बघा. २३० आली की क्रॉप बरोबर. २६७ आली तर क्रॉप झालेलाच नाही, मागे जा. २२९ किंवा २३१ आली तर तेवढ्यापुरती टिक काढून २३० केलेलं चालतं, तो फरक डोळ्याला कळत नाही. फोटो इतका जवळून काढलेला असेल की डोक्याच्या वर जागाच नाही, तर चेहरा ताणू नका. कॅनव्हास वाढवून मागची पांढरी बाजू वर जोडा.

सहीला मात्र खरा वेळ द्या, सर्वात जास्त फॉर्म तिथे अडतात. लोक अख्ख्या ए-फोर कागदाचा फोटो पाठवतात आणि मधोमध मुंगीएवढी सही असते. माझी पद्धत अशी. १४० बाय ६० म्हणजे ७ः३. कोऱ्या पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने ७ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर उंच चौकट आखायची, उमेदवाराला काळ्या पेनने चौकट भरेल अशी सही करायला सांगायची. इंग्रजीत कॅपिटल अक्षरांतली सही चालत नाही, हे आधीच सांगून ठेवा. कागद खिडकीपाशी ठेवा आणि मोबाइल बरोबर वरून, कागदाला समांतर धरा. तिरका धरला की चौकट एका बाजूला निमुळती होते आणि नुसत्या रिसाइझने ती सरळ होत नाही. मग रेघांच्या किंचित आतून क्रॉप करा, प्रमाण आपोआप जुळतं. हीच युक्ती डाव्या अंगठ्याच्या ठशाला (२४० बाय २४०, चौकट ३ बाय ३ सेंटिमीटर) आणि हस्तलिखित घोषणापत्राला (८०० बाय ४००, चौकट १० बाय ५) लागू पडते.

केबी सर्वात शेवटी. २०० बाय २३० इतक्या लहान फोटोची फाइल बऱ्याचदा २० केबीच्या खालीच जाते, आणि फॉर्म "साइज कमी आहे" म्हणतो. अशा वेळी पिक्सेल वाढवू नका, जेपीजी सेव्ह करताना क्वालिटी वाढवा. तीच फाइल पुनःपुन्हा सेव्ह केली की दर वेळी चेहरा थोडा मळतो, म्हणून प्रत्येक प्रयत्न मूळ फोटोपासून करा. डीपीआयच्या (एका इंचात किती ठिपके) आकड्याने अपलोडसाठी घाबरून जाऊ नका, तो प्रिंटच्या कामाचा. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो ३०० डीपीआयवर छापायचा तर ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

जुन्या फॉर्ममधून काढलेला इवलासा फोटो कुणी आणला तर तो मोठा करत बसू नका, नवा काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा, साधा पाठवला तर तो दाबूनच येतो. आणि उमेदवाराला पेन ड्राइव्हवर मूळ फोटो आणि कापलेला फोटो असे दोन्ही द्या, कारण पुढच्या भरतीचं माप वेगळं असेल.