गंजलेले ब्रेक : जुन्या पद्मिनी-अॅम्बेसिडरसाठी

खानापूरकडच्या पावसात चार-पाच वर्षं उभी राहिलेली गाडी ब्रेक न उघडता चोर्ला घाटात नेऊ नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि ते पाणी व्हील सिलिंडर (चाकातला, ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) आतून खातं. पेडल वर कडक लागलं म्हणून फसू नका.

आधी चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडसर) लावा, गाडी स्टँडवर घ्या. ड्रम (चाकातलं ब्रेकचं झाकण) अडकला तर अॅडजस्टर सैल करा, हातोड्याने कडा फोडू नका. जुन्या लायनरच्या (ड्रमला घासणाऱ्या पट्टीच्या) धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

सिलिंडर हलकं होन करा, म्हणजे आतून बारीक दगडाने घासा. नख अडकेल असा खड्डा उरला, तर नवीन घ्या किंवा बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर स्लीव्ह (आतली नवी नळी) बसवून घ्या. नुसते रबरी वॉशर बदलले तर महिन्याभरात पुन्हा गळती. रबराला पेट्रोल, ग्रीस, इंजिन ऑइल लावू नका, ते फुगतं. ब्रेक ऑइलच लावा.

रबरी होज पाईप सरसकट बदला. आतून सुजलेला होज दाब जाऊ देतो, परत येऊ देत नाही, आणि चाक जाम राहतं. लोखंडी नळ्यांच्या जागी क्युप्रो-निकेलच्या (तांबं-निकेल मिश्रधातूच्या) घ्या. साधं तांबं नको, कंपनाने तडकतं.

सीलबंद डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल भरा. नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलने चालणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून) सर्वांत लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पेडल दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली गेलं, तर कुठेतरी गळतंय.