या चुका टाळा: बोटं गेली ती गेलीच, मुदत तरी जाऊ देऊ नका

जखमी कामगार समोर येऊन बसला की माझा पहिला प्रश्न एकच असतो: अपघात कुठल्या तारखेला झाला? 'पोळ्याच्या आठवड्यात', 'कापसाचा सीझन चालू होता तेव्हा', अशी उत्तरं येतात. जळगावात कामावरच्या अपघाताच्या भरपाईचे अर्ज लिहिण्यात माझी अठरा वर्षं गेली. पुराव्यावाचून अडलेले दावे मी पाहिले, पण तारखेपायी अडलेले त्याहून जास्त.

नियम अवघड नाही. अपघाताच्या तारखेपासून दोन वर्षांत दावा दाखल झाला पाहिजे. माणूस दगावला तर मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात हीच मुदत होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच आहे. दवाखान्यातून सुटी झाली त्या दिवसापासून किंवा अपंगत्वाचा दाखला हातात पडला तेव्हापासून मोजत बसू नका.

'शेठ बघून घेईल'

या एका वाक्यानं जितकी घरं बुडवली तितकी दुसऱ्या कशानं नाही. चोपड्याकडचा एक तिशीचा पोरगा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, कामाला होता, पगार १२,००० रुपये. रोलरमध्ये अडकलेला कापूस काढताना डाव्या हाताची तीन बोटं गेली. शेठनं स्वतःच्या गाडीतून जळगावला आणलं, दवाखान्याचं बिल भरलं, नंतर गेटवर वॉचमन म्हणून बसवलं. भरपाईचा विषय निघाला की 'दिवाळी होऊ दे'. अशा दोन दिवाळ्या झाल्या. पुढच्या सीझनला त्याला कामावरून कमी केलं, तेव्हा तो बियाण्याच्या पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे आला. मी तारखा मोजल्या: दोन वर्षं चार महिने.

'शेठ म्हने, मी शे ना, तू काय चिंता करस?' एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

मी त्याला कागदावर हिशेब मांडून दाखवला. पगाराचे ६० टक्के ७,२००. तीस वर्षं वयाचा गुणक, म्हणजे कायद्यानं वयानुसार ठरवून दिलेला आकडा, २०७.९८. एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची क्षमता ३० टक्के कमी झाली असं कायद्याची अनुसूची, म्हणजे सोबत जोडलेला तक्ता, धरते. गुणाकार येतो ४,४९,२३६ रुपये. तो आकड्याकडे बघत राहिला. शेठनं त्याला ४०,००० देऊ केले होते.

उशीर झाला म्हणजे सगळं संपलं असं नाही. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. दुसऱ्या ऑपरेशनचे कागद आणि वॉचमनचं हजेरी कार्ड त्याच्या कामी आलं. पण उशीर माफ करायचा की नाही, या एकाच मुद्द्यावर चौदा महिने तारखा पडल्या. मूळ दाव्याला हातही लागला नव्हता, आणि तेवढ्यात त्याच्या घरची म्हैस विकली गेली.

शेठ वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. पण दावा लावला म्हणजे भांडण केलं, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. दावा लावा आणि नमस्कारही करत राहा.

केस पेपरवर 'घरी पडून'

ही चूक दवाखान्याच्या दारातच होते. सोबत आलेला मुकादम म्हणतो, पोलीस केस नको, घरी पडला असं लिही. वेदनेनं कळवळणारा माणूस मान हलवतो. दोन वर्षांनी तोच कागद समोरचा वकील वाचून दाखवतो. माझा आग्रह असतो की घरच्या माणसानं त्याच दिवशी केस पेपर वाचावा. यंत्राचं आणि कारखान्याचं नाव त्यावर नसेल तर डॉक्टरांना तिथंच सांगावं. नंतर दुरुस्त करून घेणं फार जड जातं.

मालकाला अपघाताची नोटीस दिली म्हणजे दावा झाला, असं समजू नका. नोटीस द्यायचीच, शक्य तितक्या लवकर आणि लेखी. पण तिनं दोन वर्षांचं घड्याळ थांबत नाही. पोलिसांत फिर्याद दिली तरी थांबत नाही.

'माझा काही दावा नाही' असं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं म्हणून हक्क जात नाही. त्या कागदाला घाबरून घरी बसू नका.

दहाव्याच्या दिवशी घरी आणून दिलेली रक्कम म्हणजे मृत्यूची भरपाई नव्हे. ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडेच (जुन्या कायद्यात आयुक्त, संहितेत सक्षम प्राधिकारी) जमा व्हावी लागते. नवरा गेलेल्या ताईंनी कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये.

मोबाईलवरून नमुना उतरवून एका संध्याकाळीत अर्ज भरणाऱ्या तरुण पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुम्ही फक्त ठेकेदाराचं नाव टाकता. ठेकेदार गायब होतो आणि सहा महिने नोटीस बजावण्यात जातात. ज्याच्या कारखान्यात काम चाललं होतं तो मूळ मालकही जबाबदार असतो. त्याचं नाव पहिल्याच दिवशी घाला.

ईएसआयचं, म्हणजे राज्य कामगार विम्याचं, कार्ड असेल तर रस्ता वेगळा. तिथं लाभ महामंडळाकडून मिळतो, मालकावर हा दावा चालत नाही.

रावेर-यावलकडे केळीच्या ट्रकवर हमाली करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. वाहनाच्या अपघातात मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा कामगार भरपाई, यांतलं एकच निवडता येतं. न्यायाधिकरणासाठी १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे.

सुरतेला कामाला गेलेले आपले लोक जखमी होऊन गावी परततात आणि तिकडे चकरा मारण्यात वर्ष घालवतात. कामगार जिथं राहतो तिथंही दावा लावता येतो. शिरपूरच्या माणसाला त्यासाठी सुरत गाठायची गरज नाही.

फाईलच्या पुठ्ठ्यावर मी लाल पेनानं दोन तारखा लिहितो: एक अपघाताची, दुसरी तिच्यापुढे अठरा महिन्यांची. दुसरी तारीख यायच्या आत अर्ज गेलाच पाहिजे, मग बोलणी कितीही गोडीत चालू असोत. राहिलेले सहा महिने मी हरवलेल्या कागदांसाठी ठेवतो, आणि ते दर वेळी लागतात.