मोबाईल कमी करायचाय? आधी रात्रीचा बंदोबस्त करा

मोबाईल सोडाच असं मी सांगणार नाही, कारण आपल्याकडं सोयाबीनच्या भावापासून लेकरांच्या क्लासच्या मेसेजपर्यंत सगळं त्याच्यावरच येतंय. पण काम झालं की तो खाली ठेवता आला पाहिजे, आणि ते नुसतं मनाशी ठरवून होत नाही बरं का, त्यासाठी सेटिंग बदलावी लागते आणि फोन ठेवायची जागा पण.

आधी बघा वेळ जातोय कुठं. अँड्रॉइडला सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग असतं, आयफोनला स्क्रीन टाइम, 2018 पासून ही सोय आहे तरी कित्येकांनी उघडून बघितलेली नसते. कोणत्या ॲपवर किती वेळ गेला आणि दिवसातून किती वेळा फोन उघडला ते दिसतं. जास्त वेळ खाणाऱ्या ॲपला तिथंच टायमर लावा, वेळ संपली की ॲप बंद, ते रात्री बारानंतरच परत सुरू होतं. पण रोज दोन तास बघत असाल तर आधी दीड तासाचा लावा, एकदम पंधरा मिनिटांचा लावला की दुसऱ्याच दिवशी तुम्ही तो काढून टाकणार.

आता रात्रीचं, कारण खरं नुकसान तिथंच होतंय. लोक म्हणतात फोन उशाला नाही ठेवला तर गावाकडून अर्ध्या रात्री फोन आला तर काय, शेतातली लाईट आली तर मोटारीचं काय. बरोबर आहे. म्हणून फोन बंद करू नका, डू नॉट डिस्टर्ब लावा आणि आई-वडील, भाऊ, शेतातला गडी अशा चार-पाच जणांच्या नंबरला स्टार करून फक्त त्यांचेच कॉल वाजू द्या. रिपीट कॉलरचं बटण पण चालू ठेवा, म्हणजे एकाच माणसानं अँड्रॉइडला पंधरा मिनिटांत, आयफोनला तीन मिनिटांत दुसऱ्यांदा लावला तर रिंग वाजते, मग तो नंबर स्टार केलेला नसला तरी. एवढं झालं की फोन बिनधास्त दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, एकच खोली असेल तर हात पुरणार नाही अशा फळीवर ठेवा. सकाळच्या गजराला साधं घड्याळ आणा.

व्हॉट्सॲपचे ग्रुप सोडले तर भावकीत नाराजी होते, म्हणून सोडू नका, कायमचे म्यूट करून अर्काइव्ह करा आणि संध्याकाळी एकदा बघा. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा, एक संपला की दुसरा व्हिडिओ आपोआप लागत नाही.

लातूरला, संभाजीनगरला रूम करून राहणाऱ्या पोरांनी अभ्यासाला बसताना आपला फोन रूममेटकडं द्यावा आणि त्याचा आपल्याकडं घ्यावा. दुसऱ्याचा लॉक उघडत नाही ना. नोट्सच्या पीडीएफची तेवढी झेरॉक्स काढून घ्या, नाहीतर एक पान बघायला म्हणून फोन मागता आणि अर्धा तास रील्समध्ये जातो.

घरात लेकरं असतील तर त्यांच्या आधी आपला फोन खाली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 मध्ये संध्याकाळी 7 ला भोंगा वाजवून दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली, अख्ख्या गावानं, मोठ्या माणसांसकट. आपल्या घरी भोंगा नसला तरी देवापुढं दिवा लावला की सगळ्यांचे फोन कपाटावर ठेवायचे, आई-बापाचे पहिले, आणि जेवणं उरकेपर्यंत कुणाचा वाजलाच तर तिथंच उभं राहून स्पीकरवर बोलायचं.